सिरॅमिक्स शिकताना सगळ्यात अवघड काय वाटलं? चित्रकला अजिबात येत नसेल तर शिकता येईल का?

चित्रकला येत नसली तरी शिकता येतं, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वर्गात सुरेख रेखाटन करणारे आहेत आणि साधी रेघ सरळ न येणारेही आहेत. चाकावर बसल्यावर कोण कुठला, ते ओळखू येत नाही. अवघड काय, याचं माझं उत्तर मात्र शिकता शिकता बदललं. पहिल्या महिन्यांत मी ‘चाक’ म्हटलं असतं. आता म्हणेन, मातीत आत्ता पाणी किती आहे ते ओळखणं.

चाकाची भीती सगळ्यांनाच असते. गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मधोमध आणायचा, त्याला सगळे सेंटरिंग म्हणतात. नवा माणूस इथे मनगटाने जोर लावतो आणि माती त्याचेच हात हलवत राहते. खरं काम कोपरांचं आहे: ती मांडीला किंवा कमरेला घट्ट टेकवायची, वजन अंगाचं द्यायचं आणि हात स्थिर ठेवायचे. हात काढतानाही सावकाश काढायचे, झटकन सोडले की गोळा पुन्हा डुगडुगतो. हे शिकवता येतं आणि सरावाने येतं, म्हणून मी त्याला अवघड म्हणत नाही. कंटाळवाणं म्हणेन.

पाण्याचं तसं नाही. चाकावर हात सरकायला पाणी लागतं, पण तेच पाणी माती पीत जाते आणि मऊ पडते. भिंत वर ओढताना सारखं पाणी घेणाऱ्याचं भांडं थोड्या वेळाने खाली बसतं. आत साचलेलं पाणी स्पंजने टिपलं नाही आणि तळ नीट दाबला नाही, तर तळाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराची भेग जाते. ती त्या दिवशी दिसत नाही. सुकल्यावर दिसते, कधी कधी तर भाजून बाहेर आल्यावरच.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. भांडं अर्धवट सुकतं, उचललं तर वाकत नाही, नख दाबलं तर खूण उमटते पण रुतत नाही. याला लेदर हार्ड म्हणतात. उलटं ठेवून तळ कोरायचा तो याच वेळी. योग्य वेळ असेल तर मातीच्या लांब सलग फिती निघतात, जास्त ओलं असेल तर हत्यार चिकटतं आणि उशीर झाला असेल तर नुसता भुगा पडतो. कानही याच वेळी लावायचा, दोन्हीकडे खाचा पाडून आणि पातळ मातीची स्लिप लावून. दोघांची ओल सारखी हवी. जो भाग जास्त ओला तो जास्त आकसणार, मग जोडाशी चीर ठरलेलीच. शिवाय काठ आणि कान आधी सुकतात, तळ मागे राहतो. म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक टाकायचं, भांडं उलटं करायचं, अधूनमधून येऊन बघायचं. फोनवरच्या व्हिडिओंत अर्ध्या मिनिटात वाडगा तयार होतो. त्याचं सुकणं कोणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण भांडी जातात ती तिथेच.

स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती ओल्यापासून पक्क्यापर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते. त्यामुळे झाकण आणि भांडं एकाच मातीचं, एकाच दिवशी करायचं आणि बरोबरच सुकवायचं.

मग भट्टी. मातीत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे भांडं भट्टीत फुटतं, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. खरा दोषी बहुतेक वेळा पाणीच. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा लागते, आणि जाड, आतून ओल्या भिंतीत तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून सुकलेलं भांडं गालाला लावून बघतात. गार लागलं तर ओल आहे, आज भाजायचं नाही. आणि जाड काम असेल तर भट्टी बराच वेळ १०० अंशांच्या खालीच ठेवतात. मग माती एवढी मळायची कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. मळल्याने ओल सगळीकडे सारखी होते, आणि बुडबुडा नसला की भिंत ओढताना बोट अडखळत नाही.

त्याच्यापुढे जे होतं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं. तोवर कच्चं भांडं बादलीत टाकलं तर पुन्हा चिखल होतो, त्यानंतर कधीच होत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या एका खनिजाची, म्हणजे क्वार्ट्‌झची रचना बदलते आणि तो एकदम किंचित फुगतो, निवताना तितकाच आक्रसतो. भट्टी निवायच्या आत उघडायची घाई करू नका म्हणतात, त्याचं हे एक कारण.

हजार अंशांच्या आसपास होणारं पहिलं भाजणं म्हणजे बिस्क. भांडं कडक होतं पण सच्छिद्र राहतं, आणि मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर काचेचा थर होणारी, पाण्यात ढवळलेली पूड; भांडं बुडवलं की ते पाणी शोषून घेतं आणि पूड वर थर धरून बसते. थोडं जास्त वेळ बुडवलं की थर जाड होतो आणि भट्टीत ओघळून फळीला चिकटतो. म्हणजे इथेही पाण्याचाच हिशेब.

ग्लेझच्या रसायनात मी अजून उंबरठ्यावरच आहे. मूळ काच सिलिकाची, पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून ते तापमान खाली आणणारे फ्लक्स घालतात, आणि काच उभ्या भिंतीवर टिकावी म्हणून ॲल्युमिना. स्टोनवेअर मग १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान पक्कं होतं. बादलीतला रंग बघून काही कळत नाही. कोबाल्ट कार्बोनेट जांभळट गुलाबी दिसतं आणि निळं होऊन बाहेर येतं. तांबं भरपूर हवेच्या भट्टीत बहुधा हिरवं येतं, हवा कमी पडू दिली तर लाल. चाचणीच्या छोट्या टाइल्स करा आणि प्रत्येकीमागे नंबर कोरा. वही नसेल तर चांगला आलेला रंग पुन्हा मिळणार नाही.

भट्टीत नुसत्या अंशांवर विसंबत नाहीत, हेही मला आधी ठाऊक नव्हतं. हर्मन सेगर यांनी १८८६ मध्ये जर्मनीत मातीचे छोटे शंकू काढले, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी. शंकू ठरावीक उष्णता मिळाल्यावर वाकतो, आणि त्यात तापमानाबरोबर वेळही मोजला जातो. सावकाश तापवलेली आणि घाईने तापवलेली भट्टी एकाच अंशावर असली तरी आतला माल सारखा शिजलेला नसतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर माझं मत: चाकाआधी हाताने करा. गोळ्यात अंगठा घालून दाबत वाढवलेलं भांडं, वळकट्यांचं, थापलेल्या पाटीचं. याला प्राथमिक समजणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. चीनमधल्या शियानरेनडोंग गुहेत सापडलेली मातीची भांडी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, आणि कुंभाराचं चाक त्यानंतर हजारो वर्षांनी आलं. हाताने करताना माती सुकत जाताना बोटांना कळते, चाकावर सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं.

चाकावर बसाल तेव्हा भांडी तारेने उभी कापून बघा. आमच्याकडे हे करायला लावतात आणि पहिल्यांदा राग येतो, विशेषतः एखादं बरं जमलेलं असेल तेव्हा. पण बरं जमलेलंच कापायला हवं. बाहेरून देखणं दिसणारं भांडं खाली दुप्पट जाड असतं, हे एरवी दिसणार कसं?

वर्ग निवडताना दोन गोष्टी विचारा. भट्टी भरताना आणि उघडताना विद्यार्थ्यांना थांबू देतात का, कारण नुसतं काम ठेवून जायचं आणि पुढच्या आठवड्यात तयार भांडं घ्यायचं, यात अर्धी विद्या हुकते. दुसरं, जमीन कशी साफ करतात. सुक्या मातीच्या धुळीत सिलिकाचे बारीक कण असतात, ते फुप्फुसात खोल जातात आणि वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. जमीन आणि टेबलं ओल्या फडक्याने पुसायला हवीत. कोपऱ्यात झाडू उभा दिसला तर दुसरा वर्ग बघा.