पॉवरपॉइंटमध्ये चित्र ‘रोटेट’ करणं आणि ‘फ्लिप’ करणं यात नक्की फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे की स्लाइडवरचा माणूस उजवीकडे बघतोय आणि मजकूर डावीकडे आहे. त्याचं तोंड डावीकडे करायला तुम्ही रोटेट केलंत, तर तो खाली डोकं वर पाय झाला. चित्र निवडा, होम टॅबवर अरेंज, त्यात रोटेट, आणि तिथे फ्लिप हॉरिझाँटल. झालं तुमचं काम. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘दोन्ही तसं एकच ना?’ या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलंय आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला हृदय शिकवायचं म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत मी पॉवरपॉइंटमध्येच हृदयाचा छेद काढला होता. नेटवरून उचललेला नाही, कर्व्ह टूलने एकेक रेघ वळवत काढलेला. डाव्या निलयाची (म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड, कारण त्याला रक्त अख्ख्या शरीरात ढकलायचं असतं; उजव्याची पातळ, कारण त्याला फक्त फुप्फुसापर्यंत पोचवायचं असतं. महारोहिणीची कमान, त्रिदल झडप, द्विदल झडप, अशुद्ध रक्ताला निळा रंग, शुद्धला लाल. नावं वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिली, त्यांना रेघा जोडल्या आणि सगळं एकत्र ग्रुप केलं.

त्या पाठाच्या आठवड्यात आईच्या ऑपरेशनमुळे मी रजेवर होते. संगणक कक्ष बघणाऱ्या सरांनी माझा तास घेतला. शाळेचं बोधचिन्ह स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात होतं आणि माझ्या नावांच्या रेघा त्यावर जात होत्या. सरांनी अख्खा ग्रुप फ्लिप हॉरिझाँटल केला. जागा झाली, तास झाला, पोरांनी वहीत आकृती काढून घेतली.

इथे पॉवरपॉइंटची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. फोटो फ्लिप केला की त्यातली अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होतात आणि चूक लगेच दिसते. पण शेप आणि टेक्स्ट बॉक्स आडवे फ्लिप केले तर अक्षरं सुलटीच राहतात, फक्त त्यांची जागा बदलते. त्यामुळे ‘डावे निलय’ हे नाव जाड भिंतीच्या कप्प्यालाच चिकटलेलं राहिलं, स्वच्छ वाचता येत होतं, फक्त पडद्याच्या भलत्या बाजूला. बघणाऱ्याला काही खटकलंच नाही. (उभं फ्लिप केलं तर मात्र अक्षरं खाली डोकं वर पाय होतात, ते कुणाच्याही लक्षात येतं.)

मला कळलं ते घटक चाचणीचे पेपर तपासताना. ४१ पेपर. १९ जणांनी उलटं हृदय काढलं होतं. त्यातल्या काहींनी आकृती स्लाइडसारखी काढली आणि नावं पुस्तकात जिथे असतात त्या जागी घातली, म्हणजे पातळ भिंतीला डावे निलय आणि निळ्या कप्प्यात शुद्ध रक्त. एका मुलीची आकृती इतकी सुबक होती की मी पेन हातात धरून नुसती बघत बसले. रेघा पट्टीने ओढलेल्या, झडपासुद्धा नाजूक. तिची चूक काय होती? तिने समोर दिसलं ते काढलं आणि पुस्तकात वाचलं ते लिहिलं.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘मॅडम, चित्र तेच आहे, नुसतं फिरवलंय.’ आणि वर, ‘उलट आता जास्त बरोबर आहे. हृदय डावीकडे असतं, आता ते डावीकडे आलं.’ मुख्याध्यापकही म्हणाले की एवढ्याशा गोष्टीचा बाऊ नको.

तेव्हा रागाने मला धड बोलता आलं नाही, म्हणून आता सांगते. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. म्हणून हृदयाचं टोक चित्रात आपल्या उजवीकडे झुकलेलं असतं, आणि ते बरोबर असतं. डॉक्टर एक्स-रे बघतात तोही असाच. सरांनी फ्लिप करून जे दाखवलं तसं हृदय साधारण १०,००० माणसांत एखाद्याचं असतं. आठवीच्या पोरांना शिकवायचं हृदय ते नव्हे.

आणि ‘नुसतं फिरवलंय’ हे तर साफ चूक. उजव्या पायाची चप्पल जमिनीवर कितीही फिरवा, १५ अंश, ९० अंश, १८० अंश, ती डाव्या पायाची होत नाही. हे रोटेट. डाव्या पायाची हवी तर आरसा लागतो. हे फ्लिप. ट्रेसिंग पेपरवर आकृती काढा. कागद टेबलावर गोल फिरवला की रोटेट, उचलून पालथा घातला की फ्लिप. आडवं आणि उभं अशी दोन्ही फ्लिप लागोपाठ केली तर मात्र ते १८० अंश फिरवल्यासारखंच होतं, कारण कागद दोनदा पालथा घातला की पुन्हा सुलटा होतो.

रोटेटची बाकी माहिती तुम्हाला असेलच. वरचा गोल बाण धरून फिरवायचं, शिफ्ट दाबून धरलं की १५-१५ अंशांनी फिरतं, नेमका कोन हवा असेल तर मोअर रोटेशन ऑप्शन्समध्ये आकडा घालायचा. एक सावधगिरी: चित्र लहान करताना कडेच्या मधला ठिपका ओढत ओढत पलीकडच्या कडेच्या पुढे गेलात तर ते आपोआप फ्लिप होतं. अक्षरंच मुद्दाम आरशातली हवी असतील तर फ्लिपने होणार नाही. फॉरमॅट शेपमध्ये थ्री-डी रोटेशनच्या एक्सला १८० द्या.

तुमच्या माणसाच्या चित्राबद्दलही माझं मत स्पष्ट आहे: कार्टून असेल तर खुशाल उलटवा, खऱ्या व्यक्तीचा फोटो असेल तर नको. नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, शर्टाची बटणं बदलतात. गणपतीचं चित्र उलटवलंत तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि आपल्याकडे तो फरक लोक पहिल्या नजरेत ओळखतात. त्यापेक्षा मजकूर दुसऱ्या बाजूला न्या. सरांनाही बोधचिन्ह हलवता आलं असतं. दोन सेकंदांचं काम होतं. बाण, वेलबुट्टी, चौकटी यांना यातलं काही लागू नाही, तिथे फ्लिप फार सोयीचं आहे. मीही रोज वापरते. मेन्यूची जागा तुमच्या आवृत्तीत थोडी इकडेतिकडे असू शकते.

त्या १९ जणांचे गुण मी कापले नाहीत. तास पुन्हा घेतला, एका मुलाला वर्गाकडे तोंड करून उभं केलं आणि त्याच्या शर्टावर खडूने हृदय काढलं.

एक्स-रे काढताना उजवी-डावी बाजू कळावी म्हणून प्लेटवर शिशाचं अक्षर ठेवतात. त्यावरून मला सुचलं. ग्रुपवर राइट क्लिक करून सेव्ह ॲज पिक्चर केलं, पीएनजी केलं आणि स्लाइडवर मूळ आकृतीच्या जागी ते चित्र बसवलं. आता नावं चित्राचाच भाग आहेत. मागच्या वर्षी कुणीतरी ती स्लाइड पुन्हा उलटवली होती. पडद्यावर ‘डावे निलय’ आरशातलं दिसलं आणि मी बोलायच्या आत पहिल्या बाकावरची दोन पोरं ओरडली, ‘बाई, चित्र उलटं आहे!’