संडे स्कूलच्या नव्या शिक्षकास, पालकांना सोबत घेण्याविषयी

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

पाळकसाहेबांनी आठवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग तुझ्याकडे सोपवला, फार बरं वाटलं. पाठ कसे तयार करावेत हे तू विचारलंस, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. रविवारी तुझ्या वाट्याला पाऊण तास येतो, बाकीचा आठवडा मुलं घरी असतात. आईवडिलांचा विश्वास खरा आहे का, हे त्यांना तिथेच कळतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता मुलांशी बोला असं सांगितलंय, ते आईबापांना. तेव्हा तुझं निम्मं काम पालकांमध्ये आहे.

बहुतेक पालक टाळतात ते आळसाने नव्हे. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते, चटकन काहीतरी विचारते, आणि आईला वाटतं, आपल्याला काय येतं शास्त्रातलं? मग ‘तुमच्या टीचरला विचार’ म्हणून विषय संपतो. ही भीती घालवायची तर आधी घरी जा. उपदेश करायला नाही, पाहायला. घरातले सगळे कधी एकत्र असतात? वडिलांची पाळी कधी? क्लास किती वाजता सुटतो? कौटुंबिक प्रार्थनेची वेळ त्यावरून ठरू दे. रात्री दहाला सगळे जांभया देत असतील, तर जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधीची वेळ बरी. आठवड्यातून पाच दिवस, दहा-बारा मिनिटं, एवढंच सांग. रोज अर्धा तास ठरवणारी घरं दुसऱ्या आठवड्यात थांबतात आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करायला सांग. 16 अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचनं. रोज दहा-बारा वाचली तर तीन महिन्यांत पुरं होतं, आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. आईवडिलांनी मराठीतून वाचावं, मुलाने हवं तर इंग्रजीतून. फोनवर वाचलं म्हणून ओरडू नये. दोन भाषांत एकच उतारा वाचला की ‘नीतिमान’, ‘अनुग्रह’ अशा शब्दांचे अर्थ आपोआप निघतात. मग तीन प्रश्न. इथे घडलं काय? यात तुला काय विचित्र वाटलं किंवा पटलं नाही? आणि आपल्या घरात, उद्या, याने काय बदलेल? तिसऱ्याचं उत्तर आधी आईने किंवा वडिलांनी स्वतःबद्दल द्यायचं. वादळाचा प्रसंग (मार्क 4:35–41) घे. ‘तारू बुडायला आलं तरी येशू झोपला कसा?’ असं मुलगा म्हणाला, तर त्याला गप्प करू नये. शिष्यांचाही तोच प्रश्न होता. मग वडिलांनी म्हणावं, ‘मला नोकरीची धास्ती आहे, रात्री झोप लागत नाही.’ पंधरा वर्षांच्या मुलाने बापाच्या तोंडून हे ऐकणं अनेक पाठांपेक्षा मोलाचं आहे.

आता सगळ्यात जास्त बिघडतं कुठे, ते नीट वाच. प्रार्थनेत. आई डोळे मिटून म्हणते, ‘प्रभू, माझ्या लेकराला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून सोडव.’ आई मनापासून बोलत असते, पण मुलाला तो सगळ्यांसमोर मारलेला टोमणा वाटतो, आणि डोळे मिटलेले असल्याने उत्तरही देता येत नाही. असं दोन-तीनदा झालं की तो प्रार्थनेच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन बसतो. इफिसकर 6:4 मध्ये ‘चिरडीस आणू नका’ म्हटलंय ते बापांना. पालकांना स्पष्ट सांग: मुलाची तक्रार प्रार्थनेत नको. ती नंतर, एकट्याशी, सरळ बोला. प्रार्थनेआधी मुलाला विचारा, ‘तुझ्यासाठी काय मागू?’ आणि तेवढंच मागा. परीक्षेची भीती, मैत्रिणीशी अबोला, काहीही असो. ‘काही नाही’ म्हणाला, तर त्याच्याबद्दल फक्त आभार माना आणि पुढे चला.

त्या दिवशी घरात भांडण झालं असेल तर वाचन राहू द्या. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितलंय (मत्तय 5:23–24). वडिलांनी ‘मघाशी माझा आवाज चढला, चुकलं माझं’ एवढं म्हटलं की त्या दिवसाचा पाठ झाला.

काही घरांत आई एकटीच हे करते. वडील कामावर असतात, चर्चला येत नाहीत किंवा दुसऱ्या धर्माचे असतात. तिला पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं घर दाखव. वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक (प्रेषितांची कृत्ये 16:1), विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून (2 तीमथ्य 1:5). आजी घरात असेल तर गाणं तिच्याकडे द्या. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची पदं अनेक आज्यांना पाठ असतात. नातवाला गिटार येत असेल तर त्याने साथ धरावी, चाल थोडी बदलली तरी चालेल.

शंकांना घाबरू नका, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. ‘देव आहे कशावरून?’ या प्रश्नावर ‘असं बोलू नये’ म्हटलं, की मुलगा पुढचा प्रश्न मोबाईलला विचारतो. येशू मेलेल्यांतून उठला यावर त्याचा शिष्य थोमा विश्वास ठेवत नव्हता, तरी आठ दिवसांनंतरही तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता (योहान 20:26). कोणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. आईने म्हणावं, ‘मला माहीत नाही, रविवारपर्यंत बघून सांगते,’ आणि रविवारी खरंच सांगावं. त्यासाठी तू तिच्या फोनला उपलब्ध राहा.

गणपती-दिवाळीत मित्रांच्या घरच्या प्रसादाचा प्रश्न येतो. नुसतं ‘नाही म्हणजे नाही’ पुरत नाही. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे 1 करिंथ 8 आणि 10 हे अध्याय सोबत बसून वाचा. पौल तिथे नियमाबरोबर कारणही देतो, आणि दुसऱ्याच्या विवेकाची काळजी घ्यायला सांगतो. घराने काय ते ठरवावं, पण नकार द्यायचा तर कसा, हेही मुलाला शिकवावं. हात जोडून, हसून, ‘आमच्यात प्रसाद घेत नाहीत काकू, पण दिवाळीच्या फराळाला येईन हं.’ मित्राच्या देवाची टिंगल घरात कधीच नको, ती मुलाच्या तोंडून शाळेत बाहेर पडते.

दहावीच्या वर्षी काही पालक मुलांना संडे स्कूलमधून काढतात, कारण क्लासच्या परीक्षा रविवारीच असतात. भांडू नकोस. त्या वर्षात घरचा परिपाठ दहाऐवजी पाच मिनिटांचा करा, पण बंद नको. बंद झालेला पुन्हा सुरू करणं फार जड जातं.

मुलांनी तुला विश्वासाने सांगितलेलं पालकांच्या कानावर घालू नकोस, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून वर्ग गप्प होईल. अपवाद एक. मारहाण, लैंगिक छळ किंवा जिवाला धोका दिसला तर गुप्ततेचं वचन देऊ नकोस, लगेच पाळकसाहेबांना सांग आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन कर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि आरोपी मंडळीतला मोठा माणूस असला तरी ते टळत नाही.

या महिन्यात एवढंच कर. उपासनेनंतर पालकांना अर्धा तास थांबव, चहा ठेव, आणि भाषण न देता मार्कचा एक उतारा घेऊन ते तीन प्रश्न त्यांनाच विचार. एकदा स्वतः बसून केलं की घरी करायची भीड चेपते. मग दर शनिवारी संध्याकाळी रविवारच्या पाठाचा उतारा आणि एक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, चार ओळींपेक्षा जास्त नको. कोणी केलं, कोणी नाही, याची हजेरी ग्रुपवर घेऊ नकोस. ज्यांचं थांबलंय त्यांच्या घरी पुन्हा एकदा जा आणि वेळ बदलून बघ.

प्रभूमध्ये तुझा