फाइंडव्ह्यूबायआयडीपुढचा कास्ट काढून टाकल्याने कोड सुरक्षित होतो का?

अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप लिहिण्याचे साधन) आपल्या जावा कोडमध्ये फाइंडव्ह्यूबायआयडी, म्हणजे पडद्यावरचा घटक आयडीवरून शोधून देणारी मेथड, हिच्यापुढचे जुने कास्ट (‘हा घटक अमुक टाइपचा समज’ ही सूचना) अनावश्यक म्हणून राखाडी दाखवतो आणि ते काढावेत का, असे आपण विचारले आहे. खुशाल काढावेत, सुरक्षितता मात्र त्यामुळे तसूभरही वाढत नाही. २०१७ मध्ये एपीआय २६ (अँड्रॉइडची एक आवृत्ती) सोबत या मेथडचा परतावा जेनेरिक झाला, म्हणजे त्याचा टाइप आपल्या चलावरून ठरू लागला, इतकेच. कास्ट आपण लिहिला नाही तर कंपायलर तो बाइटकोडमध्ये (भाषांतरित कोडमध्ये) स्वतः घालतो, आणि आयडी हा शेवटी नुसता पूर्णांक असल्याने त्यामागे कोणता व्ह्यू (पडद्यावरचा घटक) आहे हे अ‍ॅप चालू झाल्यावरच कळते.

माझ्या आधीच्या नोकरीतील एका वरिष्ठांना हे शेवटपर्यंत पटले नाही. गोदामातील नोंदींच्या अ‍ॅपमधून सगळे कास्ट पुसून ‘आता टाइपची चिंता मिटली’ असा शेरा त्यांनी मारला. उभ्या लेआउटमध्ये (टॅबलेट उभा धरल्यावरच्या पडद्याच्या मांडणीत) ‘जतन करा’ हे साधे बटन होते. आडव्या लेआउटमध्ये जागा वाचवण्यासाठी त्याच आयडीवर इमेजबटन बसवलेले होते. नावात बटन असले तरी इमेजबटन हा इमेजव्ह्यूचा वारस आहे, तर बटन हे टेक्स्टव्ह्यूच्या घराण्यातले. मी कोडच्या रिव्ह्यूत (तपासणीत) हे लिहिले, ते दुर्लक्षित राहिले, आणि टॅबलेट आडवा होताच क्लासकास्टएक्सेप्शन (टाइप न जुळल्याची चूक) येऊन अ‍ॅप बंद पडू लागले.

त्यावर त्यांनी इन्स्टन्सऑफची, म्हणजे घटक अपेक्षित टाइपचा आहे का याची, तपासणी घातली; टाइप जुळला नाही तर काहीच करायचे नाही. क्रॅश थांबला खरा, पण आडव्या टॅबलेटवर ‘जतन करा’ दाबून काही जतन होईना, आणि क्रॅश अहवालात त्याचा मागमूसही नव्हता. यापेक्षा क्रॅश परवडला, तो निदान ओळ क्रमांक तरी सांगतो. कोटलिन या भाषेत प्रश्नचिन्ह लावलेला (टाइप न जुळल्यास नल देणारा) कास्ट करून पुढे गप्प राहणारे हेच करत असतात.

अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ पासून मिळणारे व्ह्यू बाइंडिंग (लेआउटमधील घटकांसाठी टाइपसह फील्ड असलेला क्लास आपोआप बनवणारी सोय) वापरा, हा माझा तेव्हाचा आग्रह होता. ‘फुकटचे क्लास तयार होतात’ म्हणून तो फेटाळला गेला. दोन लेआउटमध्ये टाइप वेगळे असतील तर बाइंडिंग ते फील्ड नुसते व्ह्यू म्हणून देते, त्यामुळे त्यावर सेटटेक्स्ट (मजकूर बसवणारी मेथड) लिहिताच बिल्ड अडते. हे ग्राहकाच्या हातात अडण्यापेक्षा बरे, असे मी आजही म्हणेन.

एक मात्र सांगायचे राहिले: परतावा चलात न ठेवता त्याच ओळीत पुढे सेटटेक्स्ट बोलावत असाल, तर तिथला कास्ट जावात आजही लागतो आणि स्टुडिओ तो राखाडी करत नाही. तो काढू नका.