धुरातून आवाज बाहेर कसा येतो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अग्निशमन दलाच्या विशेष पथकांबद्दल आणि त्यांच्या वॉकीटॉकीबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मोठ्या आगीला दहा-बारा गाड्या येतात. प्रत्येकाकडे वॉकीटॉकी. सगळे एकदम बोलले तर गोंधळ होत नाही का?

होतो. म्हणून कोणी कोणाशी बोलायचे हे आधीच ठरलेले असते. वर्दी मिळाल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतचे बोलणे मुख्य चॅनेलवर, नियंत्रण कक्षाशी होते. पहिला पोहोचलेला अधिकारी थोडक्यात सांगतो : इमारत किती मजली, धूर कुठून येतोय, आपण काय सुरू केले, आणखी काय पाठवायचे आणि सूत्रे कोणाकडे आहेत. तिथून पुढे आगीवरचे बोलणे वेगळ्या चॅनेलवर जाते आणि नियंत्रण कक्षाशी फक्त घटनास्थळ प्रमुख किंवा त्याचा सहायक बोलतो. एका माणसाला साधारण पाच जणांचेच संदेश नीट सांभाळता येतात. त्यामुळे आग पसरली की मजल्यांनुसार किंवा बाजूंनुसार विभाग पाडतात आणि प्रमुखाशी विभागाचे अधिकारी तेवढे बोलतात.

हाक पथकाच्या नावाने मारतात, माणसाच्या नावाने नाही. पाळीगणिक माणसे बदलतात, ‘रेस्क्यू एक’ तोच राहतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. उत्तर आले की मजकूर (‘कमांड’ म्हणजे घटनास्थळ प्रमुख, ‘बार’ हे पाठीवरच्या सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचे माप) :

‘कमांड, रेस्क्यू एक.’
‘बोला, रेस्क्यू एक.’
‘चौथा मजला, मागची बाजू, शोध पूर्ण, कोणी नाही. पाचव्यावर जातोय. हवा १८० बार.’
‘चौथा मागची बाजू मोकळी, पाचव्यावर जाताय, १८० बार. समजले.’

शेवटच्या ओळीत संदेश परत म्हणून दाखवला आहे, आणि खरी किंमत त्यालाच आहे. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर साध्या एफएम वॉकीटॉकीवर ताकदवान सिग्नल तेवढा ऐकू येतो. दुसरा दबून जातो आणि आपण दबलो हे त्या बोलणाऱ्याला कळतही नाही. नुसत्या ‘ओके’वरून कोणाचा संदेश पोहोचला हे ठरत नाही.

बटण दाबल्यावर सेकंदभर थांबायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. वाक्य संपायच्या आत बटण सोडले तर शेवटचा जातो. ‘आत जाऊ नका’मधला ‘नका’ असाच गळतो. त्यापेक्षा ‘थांबा, बाहेर या’ हा हुकूम सुरक्षित.

प्रश्न : ‘विशेष पथक’ म्हणजे नक्की कोण?

पंपाची गाडी पाणी पुरवते आणि होज (पाण्याचा पाइप) चालवते. शिडीचे पथक वरच्या मजल्यांवर पोहोचते, दारे तोडते, धुराला वाट करून देते. ज्या कामाला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी अवजारे लागतात ते विशेष पथकांकडे येते : कोसळलेल्या इमारतीतला शोध, दोरावरून सुटका, पाण्याखालचे काम, विषारी रसायने, अडकलेल्या जवानांची सुटका. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली स्थापन झालेले ‘रेस्क्यू १’ हे अशा शहरी पथकांमधले जुने उदाहरण आहे.

प्रश्न : उंच इमारतीत आणि तळघरात वॉकीटॉकी का चालत नाही? महागडी यंत्रणा घेतली की प्रश्न सुटतो का?

किमतीने सुटत नाही. हातातल्या सेटची ताकद चार-पाच वॉट असते. काँक्रीट, त्यातल्या सळ्या, धातूचे दरवाजे आणि लेप दिलेल्या काचा ती शोषतात किंवा परतवतात. डोंगरावरचा किंवा टॉवरवरचा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल वाढवून पुढे पाठवणारे यंत्र, आपला मोठा सिग्नल आत पोहोचवतो, पण जवानाचा दुबळा सिग्नल तिथवर जात नाही. मग जवानाला सगळे ऐकू येते आणि त्याचे कोणालाच नाही. हा दोष सर्वांत फसवा, कारण जवानाला सेट चालू असल्यासारखा वाटतो.

म्हणून आगीच्या जागी रिपीटर टाळून सेट ते सेट असा थेट चॅनेल वापरणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. पल्ला कमी, पण आतला माणूस आणि दाराशी उभा असलेला अधिकारी यांच्यातला दुवा बाहेरच्या कोणत्याही टॉवरवर अवलंबून राहत नाही. इमारत फार उंच असेल तर जिन्यात मधल्या मजल्यावर निरोप्या उभा करतात. बोगद्यात आणि तळघरात जागोजागी सिग्नल झिरपवणारी केबल आधीच टाकलेली असेल तर उत्तम.

इमारतीतच रिपीटर असला तरी तो चालवता यायला हवा. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तो होता. त्याच्या नियंत्रण पेटीवर दोन बटणे होती : एक रिपीटर सुरू करणारे, दुसरे लॉबीतला मुख्य हँडसेट जोडणारे. पहिले दाबले गेले, दुसरे नाही. चाचणीत हँडसेटवरून बोलणे जमेना, तेव्हा उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी रिपीटर बंद आहे असे समजून दुसरे चॅनेल वापरले. रिपीटर मात्र चालू होता. दक्षिण मनोऱ्यात बटालियन प्रमुख ओरिओ पामर यांनी रिपीटरचाच चॅनेल वापरला आणि ७८व्या मजल्यापर्यंत जाऊन तिथून संदेश दिले. आमच्या मते प्रत्येक पथकाने हद्दीतल्या मोठ्या इमारतींची अशी पेटी सरावात स्वतः हाताळली पाहिजे, आणि चाचणी हँडसेटवरच न थांबता दोन साध्या सेटमध्येही घेतली पाहिजे.

प्रश्न : जवान स्वतःच आत अडकला तर तो काय बोलतो? त्याला किती वेळ असतो?

आधी वेळेचा हिशेब पाहू, कारण बोलण्याची सगळी घाई त्यातून येते. पाठीवरच्या बीए सेटचा (श्वसन यंत्राचा) नेहमीचा सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बारला भरलेला. म्हणजे ढोबळमानाने २,०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर पन्नास मिनिटे. पण जिने चढताना, माणूस ओढताना किंवा भीतीने श्वास ७० लिटरवर जातो आणि तीच हवा अर्ध्या तासाच्या आत संपते. कमी हवेची शिटी ५५ बारच्या आसपास वाजते. तेव्हा सुमारे ३७० लिटर उरलेले असतात : शांत राहिलात तर नऊ मिनिटे, धडपडलात तर पाच.

आता दुसरी बाजू. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत जवानाचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या दलाने मोठ्या इमारतींत सुटकेच्या चाचण्या घेतल्या. एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा जण आणि वीसहून अधिक मिनिटे लागली, आणि सुटका करणाऱ्यांपैकी दर पाचांतला एक स्वतःच अडचणीत सापडला.

हे आकडे शेजारी ठेवले की दिसते : शिटी वाजल्यावर हाक दिली तर ती उशिरा दिली. वाट चुकली, जोडीदार हाताशी नाही, होज सापडत नाही, पाय अडकला, यातले काहीही झाले की लगेच सांगायचे. ‘बघतो, निघेन’ म्हणत गेलेली दोन मिनिटे परत मिळत नाहीत.

‘मेडे, मेडे, मेडे’ ही जीव धोक्यात असल्याची हाक तीनदा देऊन क्रमाने सांगायचे : कुठे आहे, कोणते पथक, नाव काय, काय करत होतो आणि हवा किती, काय हवे. जागा सर्वांत आधी, कारण संदेश मध्येच तुटला तरी तेवढी कळलेली असावी. नक्की ठाऊक नसेल तर जे कळते ते : ‘तिसरा मजला, डावी भिंत धरून आलो, खिडकीचा उजेड दिसतोय.’ सेटवर आणीबाणीचे नारिंगी बटण असेल तर तेही दाबायचे. अर्धा मिनिट हालचाल थांबली की आपोआप किंचाळणारा इशारा-भोंगा हाताने सुरू करता येतो, पण आधी बोलून घ्यायचे. भोंग्याच्या आवाजात संदेश बुडतो.

मेडे ऐकताच बाकीचे गप्प होतात. अडकलेल्या माणसाला चॅनेल बदलायला कधीच सांगू नये : जाड हातमोज्यांत, काळोखात चुकीच्या खटक्यावर गेला तर तो कायमचा हरवेल. हलवायचेच असेल तर बाकीच्या पथकांना हलवावे. बाहेर पूर्ण तयारीत, जादा सिलिंडरसह थांबलेले सुटका पथक निघते, आणि दाराशी फलकावर प्रत्येकाची आत जायची वेळ आणि दाब लिहिणारा अधिकारी सगळ्यांची हजेरी घेतो.

प्रश्न : मास्कमधून बोललेले समजते का? डिजिटल सेटने आवाज सुधारला ना?

नेहमी नाही. डिजिटल सेट आवाजाचे मानवी बोलीच्या साच्यात रूपांतर करतो. शेजारी करवत, पंप किंवा कमी हवेची शिटी वाजत असेल तर साचा गोंधळतो आणि बोलण्याऐवजी बडबड ऐकू येते. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने २००८च्या सुमारास हा दोष चाचण्यांतून मांडला. नंतरचे सेट सुधारले आहेत, तरी सवय तीच ठेवावी : माइक मास्कच्या आवाज-पडद्यापासून दोन-तीन बोटांवर धरा, गोंगाटाकडे पाठ करा, ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो. जोडीदाराचा सेट अगदी जवळ असेल तर शीळ घुमते, तेव्हा एकानेच बोलावे.

प्रश्न : रेडिओ अजिबात चालत नसेल तर?

ढिगाऱ्यावर शिटी किंवा हॉर्न. आंतरराष्ट्रीय शोध-बचाव पथकांचे ठरलेले इशारे असे : एकेक सेकंदाचे तीन छोटे, पुन्हा पुन्हा, म्हणजे ताबडतोब बाहेर पडा, तीन सेकंदांचा एक लांब म्हणजे काम थांबवा, शांत राहा, ऐकायचे आहे, एक लांब आणि एक छोटा म्हणजे काम पुन्हा सुरू करा. पाण्याखाली उतरलेल्या जवानांशी दोराच्या ठरलेल्या ओढींनी बोलतात. रसायनांच्या जागी स्फोटक वायूत ठिणगी न पाडणारा प्रमाणित सेटच नेतात, आणि त्याची बॅटरी आत बदलत नाहीत.

बॅटरीचा आठ-दहा तासांचा दावा सहसा पाच टक्के बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के स्तब्धता धरून केलेला असतो. आगीवर बोलणे-ऐकणे वाढले की ती बरीच आधी संपते. पाळीच्या सुरुवातीला बॅटरी बदला, जोडीदाराशी चॅनेल तपासा आणि बटण पट्ट्याखाली दाबले जात नाही ना ते पाहा. अडकलेले एक बटण सगळा चॅनेल बंद पाडते.