पटकथा, आकडे आणि संगणक: वाचकांची प्रश्नोत्तरे

मी पटकथालेखन शिकते. संगणक कथेचा ‘भावनिक आलेख’ काढतो म्हणे. म्हणजे नेमकं काय करतो?

हजारो शब्दांना माणसांकडून आधीच १ ते ९ गुण देऊन घेतलेले असतात. शब्द जितका सुखाचा, तितके गुण जास्त. संगणक संहितेचा एक तुकडा घेऊन त्यातल्या गुणांची सरासरी काढतो, थोडं पुढे सरकतो, पुन्हा सरासरी काढतो. हे बिंदू जोडले की झाला आलेख. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये अशा तेराशेहून अधिक इंग्रजी कथा तपासल्या. बहुतेक आलेख सहा घाटांत बसले: नुसता चढ, नुसता उतार, उतारानंतर चढ, असे.

पडद्यावर मात्र ही पद्धत तोकडी पडते. वडील गेल्याचं कळून धावत आलेल्या मुलाला आई एवढंच म्हणते, ‘हातपाय धू, जेवून घे.’ शब्दांच्या हिशेबात हा प्रसंग कोरडा ठरतो. थिएटरात हुंदके ऐकू येतात. म्हणून २०१७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी चित्र आणि ध्वनी यांवरून आलेख काढले. मला हीच वाट योग्य वाटते.

मग चित्रपट चालेल की पडेल, हे आधी कळेल का?

नाही. एमआयटीच्या त्या अभ्यासात आलेखाचा संबंध लघुपटांना ऑनलाइन मिळालेल्या प्रतिक्रियांच्या संख्येशी जोडून पाहिला होता. तिकीटबारीचं गणित वेगळं. मराठी चित्रपटाला तर प्राइम टाइमचे शो मिळण्यापासून झगडावं लागतं, ते कुठल्या आलेखात येणार? आलेख आवडला नाही म्हणून कुणी तुमची पटकथा परत केली, तर खुशाल वाद घाला.

असं असेल तर अभ्यासकाला याचा उपयोग काय?

मोठा आहे, फक्त एका चित्रपटाऐवजी शेकडो चित्रपट समोर हवेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी सात दशकांतले, दर दशकाचे शंभर लोकप्रिय हिंदी चित्रपट घेतले, तेवढेच हॉलिवूडचे, आणि सबटायटल्स तपासली. पडद्यावर बाळ जन्मतं तेव्हा तो मुलगा असतो की मुलगी? १९५० आणि ६०च्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांत ७४ टक्के मुलगे निघाले. अलीकडच्या काळात ५४.५ टक्के. ‘मुलगा झाला!’ म्हणत पेढे वाटण्याचे प्रसंग आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण त्यांचं पारडं किती झुकलेलं होतं आणि किती सावरलं, हे असं मोजल्यावरच कळतं. त्याच अभ्यासात सुंदर स्त्रीची त्वचा कशी असावी, ही रिकामी जागा हिंदी चित्रपटांवर शिकवलेल्या भाषा-मॉडेलने (म्हणजे पुढ्यातल्या वाक्यात कोणता शब्द बसेल याचा अंदाज बांधणाऱ्या संगणकप्रणालीने) ‘गोरी’ या शब्दाने भरली, जुन्या काळातही आणि नव्याही. याचा मला खरोखर त्रास होतो. एखाद्या संवादलेखकाला दोष देऊन हे सुटणार नाही, इतकं ते मुरलेलं आहे.

मला मराठी चित्रपटांवर असंच काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

आधी सबटायटल्सची भाषा बघा. अनेक मराठी चित्रपटांना ती इंग्रजीतच असतात, आणि मालवणी किंवा वऱ्हाडी संवादाचा ठसका त्यात पार सपाट होतो. शक्य असेल तिथे मूळ संहिता मिळवा. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठी भावविश्लेषणासाठी, म्हणजे वाक्याचा सूर चांगला, वाईट की तटस्थ हे संगणकाला ओळखता यावं यासाठी, खुला विदासंच (डेटासेट) तयार केलाय. त्यात चित्रपट परीक्षणं आणि टीव्ही मालिकांची सबटायटल्सही आहेत. तो वापरा. त्याआधी दहा प्रसंगांना स्वतः गुण द्या, मित्राकडूनही द्यायला लावा. तुमच्या दोघांचंच जुळत नसेल, तर मॉडेलला हात लावण्याआधी प्रश्न बदला.