एका देशाने दुसऱ्या देशाचे सर्व्हर हॅक केले तर आंतरराष्ट्रीय कायदा काही करू शकतो का?

कायदा आहे, पण देशांनी एकमेकांवर केलेल्या अशा हल्ल्यांसाठी वेगळा सायबर करार वगैरे नाही. २०१३ मध्ये यूएनच्या तज्ज्ञगटाने मान्य केलं की यूएन चार्टर इथेही लागू होतो, म्हणजे बळाचा वापर नको, दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ नको, आणि २०१५ मध्ये ११ नियम आले, वीज-पाणी-हॉस्पिटलच्या सिस्टिम बिघडवू नका, आपल्या भूमीवरून कोणाला असले उद्योग करू देऊ नका वगैरे, पण हे ११ नियम सगळे ऐच्छिक!

खरी गोची सार्वभौमत्वाची. फ्रान्स म्हणतो परवानगीशिवाय आमच्या सिस्टिममध्ये घुसलात की झाला भंग, तर ब्रिटनने २०१८ मध्ये सरळ सांगितलं की असा वेगळा नियमच नाही. बरं, साधी हेरगिरी असेल तर कोणीच फारसं बोलत नाही, कारण सगळेच करतात.

अल्बेनियाचं बघा. जुलै २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने सरकारी ऑनलाइन सेवा बंद पडल्या, सप्टेंबरमध्ये पंतप्रधान एदी रामांनी इराणवर ठपका ठेवून संबंधच तोडले, दूतावासाच्या लोकांना २४ तासांत चालते व्हा म्हणून सांगितलं. इराणने अर्थातच कानावर हात ठेवले. संबंध तोडायला कोर्टात पुरावा लागत नाही, भरपाई मागायची तर मात्र हल्ला त्या सरकारनेच करवला हे सिद्ध करावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते.