कंस दिसला की गुणाकार?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी अकरावीत आहे. एकाच आलेख कागदावर एफ आणि जी असे दोन आलेख देऊन एफ(जी(२)) काढायला सांगितलंय. ती २ वर दोन्ही आलेख वाचते, एफ ३ आणि जी ४, आणि गुणून १२ लिहिते. मागे उत्तर १ दिलंय. फोटो सोबत पाठवतेय. तिला कसं समजावू?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, तिचे ३ आणि ४ दोन्ही बरोबर आहेत. आलेख तिला छान वाचता येतो. अडतंय ते कंसापाशी. इतकी वर्षं कंस म्हणजे गुणाकार असंच ती शिकत आली, त्यामुळे तिच्यावर रागावू नका. इथे मात्र जी(२) म्हणजे आडव्या अक्षावर २ असताना जीच्या आलेखाची उंची, आणि एफ(जी(२)) म्हणजे ती उंची आडव्या अक्षावर घेऊन वाचलेली एफची उंची.

मी वर्गात कूलरचं उदाहरण घ्यायचे. नवतप्यातली दुपार. पहिल्या आलेखात आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. दुसऱ्यात आडवं तापमान, उभं कूलरला तासाभरात लागणारं पाणी. समजा, ३ वाजता पारा ४५ वर आहे. पाणी किती लागेल? दुसऱ्या आलेखात ३ शोधून काही मिळणार नाही, तिथे ४५ शोधायचे. पहिल्या आलेखात उभ्या अक्षावर वाचलेलं तापमान दुसऱ्यात आडव्या अक्षावर येऊन बसतं. सगळी मेख इथेच आहे आणि मुलं नेमकी इथेच घसरतात.

आता तिचं गणित. आतल्या कंसापासून सुरुवात : जी(२) म्हणजे ४. मग २ विसरायचे. आडव्या अक्षावर ४ वर बोट ठेवायचं, तिथून सरळ एफच्या आलेखापर्यंत जायचं. उंची १. झालं.

दोन्ही आलेख एकाच कागदावर आहेत, म्हणून आणखी एक युक्ती. (१,१), (२,२), (३,३) हे बिंदू जोडणारी रेघ पेन्सिलीने काढा. जीच्या बिंदूपासून आडवं त्या रेघेपर्यंत जायचं, मग उभं एफपर्यंत. आकडा न वाचताही जागा सापडते. मला स्वतःला ही रीत फार आवडते, कारण ४ उभ्या अक्षावरून आडव्यावर कसा येतो ते डोळ्यांना दिसतं.

क्रमही उलटून पाहू द्या. जी(एफ(२)) म्हणजे जी(३), म्हणजे ५. उत्तर वेगळं आलं, हे तिचं तिलाच कळू दे.

मग एफ(जी(४)) विचारा. जी(४) येईल ७, पण फोटोत एफचा आलेख ५ वर ठळक टिंबाने संपलाय. तिथे रेघ मनाने पुढे वाढवायची नाही. ‘किंमत अस्तित्वात नाही’ हेच बरोबर उत्तर.